कावळ्यापुढं भाव सांगायचा राहिला

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भांडण. पडेगावच्या रस्त्याला, पेरूच्या गाडीशेजारी, दगडावर बसून. गाडीवाल्यानं पेरू चिरून तिखटमीठ लावून दिला, आणि अर्धा पेरू संपायच्या आत आमची अशी जुंपली की त्यानं पैसे घेतले अन् गाडी चार पावलं पुढं नेऊन लावली.

भांडण एका घराच्या भावावरून होतं. घर आमचं नव्हतं. विकणारा एकतीस लाख म्हणत होता. आम्हाला घ्यायचं होतं, पण वाजवी भाव कोणता, हे आधी आमचं आमच्यातच ठरत नव्हतं. मी म्हणत होतो साडेसत्तावीस. ती म्हणत होती साडेचोवीस.

मी गवंडी. चौथीपर्यंत शाळा, पुढं सगळा जन्म थापी. या शहरात मी किती भिंती उचलल्या ते मला ठाऊक नाही, पण त्यातली एक पण माझी नव्हती. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पावसाळ्यात छत गळलं की घरमालक मलाच बोलावून ते दुरुस्त करून घ्यायचा, मजुरी न देता. त्याला मी मूर्ख वाटत असणार. तो बरोबर होता.

ती भाजी विकायची. पहाटे मंडईतून माल, मग दिवसभर हातगाडी. मी फटकळ आहे असं लोक म्हणतात. ते लोक तिला भेटलेले नाहीत.

घर घ्यायला पैसे कुठून आले ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं गवंड्यानं कुठंतरी गुप्तधन उकरलं. तिच्या बापाची खुलताबादकडची जमीन नव्या रस्त्यात गेली आणि मोबदला आला. तिच्या धाकट्या भावानं हक्कसोडीचा कागद पुढं केला. आपल्याकडची रीतच आहे, बहिणीनं भावाच्या नावानं हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची, सगळ्यांनी जेवायचं अन् आपापल्या घरी जायचं. तिनं साडी घेतली, पोटभर जेवली, हात पुसले, आणि सही केली नाही.

"साडी चांगली हाय रे," ती म्हणाली, "पण एवढी महाग नाय."

भाऊ दोन वर्षं बोलला नाही. तिच्या वाटणीचे पैसे मात्र बँकेत आले. म्हणजे पैसे तिचे, घर तिचं, भाव तिचा. मला फक्त भिंती ठोकून बघायला नेलं होतं.

घर पडेगावात, मेन रोडपासून आत. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर गच्ची, पुढं ओटा. मालक जिल्हा परिषदेच्या शाळेतले रिटायर गुरुजी. त्यांना पोराकडं पुण्याला जायचं होतं. मधे एक एजंट होता, खुलताबादचा, चाळिशीचा गडी. मला चाचा म्हणायचा, तिला चाची, आणि कमिशन दोन्हीकडून घ्यायचा. पण माणूस हसतमुख. तिला तर तो लई आवडायचा. ती म्हणायची, हा निदान तोंडावर लुटतो.

त्या दिवशी आम्ही ते घर चौथ्यांदा बघून आलो होतो. चौथ्यांदा कशाला, तर तिला पाण्याचा दिवस गाठायचा होता. मी आत स्लॅब ठोकत बसलो आणि ती शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसली.

"स्लॅब एक नंबर हाय," मी पेरू खात म्हणालो. "असं काम आता कोण करत नाय. साडेसत्तावीस वाजवी हायेत."

"स्लॅब पिता येतो का?"

"पाण्याचं निराळं."

"निराळं कसं? गुरुजी म्हणले नळ चौथ्या दिवशी येतो. मी गल्लीतले ड्रम मोजले. दारोदार पाच-पाच निळे ड्रम. चौथ्या दिवशी पाणी येणारी माणसं पाच-पाच ड्रम भरून ठेवतात व्हय? शेजारीण म्हणली, आठव्या दिवशी येतं. अन् गुरुजींचे ड्रम कुठं हायेत ठाऊक हाय का? मोरीच्या मागं. वरून चादर टाकलीय."

"म्हंजी गुरुजी खोटं बोलले."

"खोटं नाय बोलले. ड्रम झाकले."

"मग पंचवीस म्हण."

"तुमी माझे नवरे हाये का गुरुजींचे भाऊ? आताच साडेसत्तावीस म्हणत होते."

"तूच पाण्याचं सांगितलं ना?"

"सांगितलं. म्हणून लगीच पंचवीसवर? स्लॅबचं काय झालं मग? एक नंबर हाय म्हणले ना? गिऱ्हाईक म्हणून लई वाईट तुमी. जो शेवटचा बोलंल त्याचं खरं."

अशी ती. मी तिच्या बाजूनं आलो की ती माझ्या बाजूला जायची. पेरू संपला, कागद उडून गेला, ऊन कलायला लागलं, अन् मग ती म्हणाली, "सव्वीस. त्याच्या वर दिलं तर येडेपणा, त्याच्या खाली घेतलं तर लुबाडणं."

"तो आपखुशीनं खाली देत असंल तर लुबाडणं कसं?"

"संध्याकाळी मेथीची जुडी निम्म्यात मागणारी बाई मला ठाऊक हाय. द्यावी लागती, कारण रातच्याला मेथी मरती. पण मी मनातून त्या बाईला काय म्हणते, तेबी मला ठाऊक हाय. तसं आपल्याला कुणी म्हणू नये."

मग आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्यानं जे मागितलं त्याच्यापेक्षा वीस रुपये कमी देऊन ती उतरली. रिक्षावाले बहुतेक या नियमात बसत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शेपूच्या जुड्या बांधत बसली होती. मी पाणी प्यायला उठलो, आलो तर ती भिंतीला टेकलेली, जुडी मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी म्हणालो, ते मलाबी दिसतंय. काय तरी दुसरं सांगा.

पुढच्या नऊ दिवसांत माझ्या घरी जेवढी माणसं आली तेवढी लग्नात पण आली नव्हती. सगळ्यांत मोठ्यानं रडला तिचा भाऊ. दोन वर्षं न बोललेलं सगळं त्यानं एकदम बाहेर काढलं. रडता रडता बँकेच्या खात्यावर वारस कोण लावलाय, हे पण त्यानं माझ्या लेकीला विचारून घेतलं. वारस मी होतो. त्यानंतर तो जरा हळू रडायला लागला.

दहावा कायगावला, गोदावरीच्या घाटावर केला. सगळे विधी झाले, पिंड मांडला, आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. कावळे होते. बाभळीवर सात-आठ बसले होते, पंख साफ करत होते. एक पण खाली यायला तयार नव्हता. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे माणसाचा जीव कशात तरी अडकलेला असतो, असं आपल्याकडं मानतात. मग मागं राहिलेल्यांनी एकेक कबूल करायचं, की बाई, तुझं हे करू, ते करू, जा आता सुखानं. मी आजवर दुसऱ्याच्या दहाव्याला गेलो तेव्हा ही गंमत सावलीत उभं राहून बघितली होती. आता आमचा नंबर होता.

लेक म्हणाली, "आई, बाबांकडं मी बघीन." कावळा हलला नाही. त्याला खरं वाटलं नसावं, लेक जालन्याला असते.

भाऊ पुढं झाला. "आक्का, हक्कसोडीचं मनात धरू नको. माझं चुकलं." एका कावळ्यानं मान वाकडी करून बघितलं अन् परत पंखात चोच घातली. ती असती तर तिनं पण असंच केलं असतं.

ऊन चढत होतं. गुरुजी टोपी घालून आले होते, एजंटाच्या गाडीवर बसून. ओळख चार भेटींची, पण माणूस रीतीचा, दहाव्याला येणार. ते आणि एजंट मागं पिंपळाखाली उभे होते. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "घर. तिचं घर राहिलं."

झालं. सगळी माझ्याकडं बघायला लागली. "बरुबर हाय. घरात जीव अडकलाय तिचा." "दाजी, म्हणा घर घेतो." मेहुणा तर माझा दंडच धरून हलवायला लागला.

आता गिऱ्हाइकानं एक गोष्ट कधी करू नये. आपल्याला वस्तू घ्यावीच लागणार आहे, हे विकणाऱ्याला कळू देऊ नये. भाजीवाल्या बाईचा नवरा असून हे मला कळत नाही असं कसं होईल? आणि विकणारा माझ्या मागं दहा हातांवर टोपी घालून उभा होता. एकीकडं तिचा पिंड, एकीकडं गुरुजी. मी गप्प राहिलो. लोकांना वाटलं मला रडू आवरत नाही. मी भाव वाचवत होतो.

पण किती वेळ? उन्हात ती म्हातारी माणसं, लेक अनवाणी उभी, पाय भाजत होते तिचे. आणि खरं सांगतो, मलाही वाटायला लागलं की असेल बाबा, अडकला असेल जीव. शेवटचं आम्ही त्याच्यावरच भांडलो होतो. मी मोठ्यानं म्हणालो, "घेतो. तुझं घर घेतो."

आणि कावळा आला. एक आला, मग चार आले. बाया रडायला लागल्या. नेमकं त्याच वेळी शेजारच्या दहाव्यातल्या लोकांनी बुंदीची पाटी उघडली होती, त्यामुळं कावळे कुणाच्या शब्दावर उतरले ते मी सांगू शकत नाही. पिंडाला शिवले एवढं खरं. सगळे पिंडाकडं बघत होते. मी मागं वळून गुरुजींकडं बघितलं. त्यांनी डोळे पुसले, टोपी नीट केली, आणि मला कळलं की सव्वीस हा आकडा गोदावरीत गेला.

परत येताना जीपमध्ये मी मेहुण्याला म्हणालो, "सव्वीसला घेतो असं म्हणायला पायजे होतं."

"दाजी, कावळ्याला भाव सांगत नसतेत."

"कावळ्याला नाय. गुरुजींना."

तेरावा झाला, सुतक फिटलं, आणि मी गुरुजींकडं बसायला गेलो. एजंट होताच. गुरुजींनी चहा दिला, तिचे गुण सांगितले, थोडा वेळ खाली बघितलं, आणि म्हणाले, "एकतीस."

"सव्वीस," मी म्हणालो. "पाणी आठव्या दिवशी येतं."

"पाण्याचं ठीक आहे. पण आता हा नुसता व्यवहार राहिलेला नाही. आपण जाणाऱ्या जिवाला शब्द दिलाय. शब्दाची किंमत करायची नसते."

"मग फुकट द्या."

एजंटाला चहाचा ठसका लागला. गुरुजींचा चेहरा लाल झाला. "तसं नव्हे. मी म्हणतो, पाच लाखासाठी आपण शब्द मोडणार का?"

"चारचौघांत तुमीबी डोळं पुसले होते गुरुजी. पाच लाखासाठी रडले व्हय?"

हे बोलायला नको होतं. ती असती तर बोलली नसती, ती यापेक्षा वाईट बोलली असती. पण पुढचं तिला जमायचं. भाव जमेना की ती पदर झटकून उठायची, "चला" म्हणायची, आणि फाटकापर्यंत मागं वळून बघायची नाही. मी तिच्यामागनं चपला शोधत जायचो. दहातले आठ लोक फाटकात हाक मारायचे. आता मीच उठलो आणि सवयीनं म्हणालो, "चला." मला काय कळत नव्हतं, कुणाला चला म्हणतोय. एजंट बिचारा बशी खाली ठेवून उठला आणि माझ्यामागं चालत बाहेर आला. फाटकापर्यंत आलो. हाक आली नाही.

"चाचा," एजंट म्हणाला, "कव्वे के सामने बोलना नक्को था. अब बुढ्ढा नीचे नहीं आता."

"तुझा बाप मेला तर तूबी बोलशील."

"हौ," तो म्हणाला, "बोलूंगा. मगर हमारे में कव्वा नहीं आता. इतना तो फायदा है."

त्यानं मला गाडीवर घरी सोडलं. पेट्रोलचे पैसे मागितले नाहीत, तेव्हा मला कळलं की माझा चेहरा कसा झाला असेल.

मी गेलो नाही, गुरुजींनी बोलावलं नाही. दिवस चालले होते. मी सकाळी उठायचो, भाजीची हातगाडी दारात उभी असायची, तिच्याकडं बघायचो आणि परत आत यायचो. घर एकतीसला घेतलं असतं तर तिच्या पैशांत बसत नव्हतं, वरचं कर्ज मला या वयात कोण देणार? न घ्यावं तर घाटावर सगळ्यांसमोर बोललो होतो. पण मला खरी टोचणी त्याची नव्हती. तिनं एवढी चार वेळा पायपीट करून, ड्रम मोजून, माझ्याशी भांडून एक आकडा काढला होता. तेवढाच तिचा हातचा राहिला होता माझ्याकडं. तो मी स्वतःच्या तोंडानं घालवला.

दोन महिन्यांनी एजंट आला. आला तोच हसत. आत येऊन त्यानं दार लावून घेतलं.

"चाचा, तेवीस."

"काय तेवीस?"

"घर. गुरुजी तेवीस लाख में देने को तयार है. और दबाओगे तो बाईस."

झालं असं होतं. घाटावरची गोष्ट एजंटानंच चहाच्या टपरीवर सांगितली होती. ती पडेगावात पोचेपर्यंत तिला पाय फुटले. त्या घरात एका बाईचा जीव अडकलाय, एवढंच राहिलं. कावळा शिवल्याचं लोक विसरले, न शिवल्याचं तेवढं लक्षात ठेवलं. घर बघायला आलेलं पहिलं गिऱ्हाईक गल्लीत चौकशी करून परस्पर गेलं. दुसऱ्याची बायको ओट्यावर पाय ठेवायला तयार नव्हती. तिसऱ्यानं फोनवरच विचारलं की बाईवाला बंगला तोच का. गुरुजींच्या पोरानं पुण्यात फ्लॅटचा इसार देऊन ठेवला होता, त्याला पैसे पाहिजे होते. आणि आता ते घर सगळ्या जगात एकच माणूस घेऊ शकत होता, ज्याला त्या बाईची भीती वाटायचं कारण नव्हतं. खरं म्हणजे जिवंतपणी मला तिची भीती वाटायची, पण ते असो.

मेहुण्याला कळलं तसा तो खुलताबादहून पळत आला. "दाजी, एकवीसला घ्या. बघा, आक्कानं मेल्यावरबी घासाघीस केली." आणि हसायला लागला. मी पण हसलो. खोटं कशाला बोलू, लई हसलो. तीन-चार लाख वाचतात म्हणजे काय असतं ते मला कळतं. लेकीच्या घराचं अर्धं काम पडलेलं होतं. मी म्हणालो, उद्या जातो.

गेलो. फाटकाला लिंबू-मिरच्या बांधलेल्या, दारावर काळी बाहुली उलटी टांगलेली, उंबऱ्यावर कुठल्या तरी भगतानं टाकलेले तांदूळ. गल्लीतल्या बाया मला बघून पोरांना आत घेत होत्या. गुरुजी निम्मे झाले होते. मला खुर्ची दिली आणि हळूच म्हणाले, "स्वयंपाकघरात आवाज येतात हो. भांडी वाजतात."

"उंदीर असंल."

"मीही तेच म्हणत होतो आधी. पण... शेवटी त्यांची इच्छा राहिली ना. अशी माणसं जात नाहीत. आपण घेऊन टाका. तेवीस, बाईस, काय म्हणाल ते. आपण आत आलात की त्या शांत होतील."

मी त्या बाहुलीकडं बघत होतो. काळ्या चिंधीची, तोंडाला लाल रंग. एवढी वर्षं जी बाई पहाटे उठून मंडईत गेली, जिनं कधी कुणाला दोन पैसे मापात मारलं नाही, तिला या लोकांनी दोन महिन्यांत हे करून ठेवलं होतं. आणि मी त्याच्यावर चार लाख कमवायला आलो होतो.

"गुरुजी," मी म्हणालो, "ती भाजीवाली होती. हडळ नाय. अन् तिला यायचंच झालं तर ती तुमच्याकडं कशाला येईल? ती माझ्याकडं आली नाय अजून."

गुरुजींनी उंबऱ्यावरच्या तांदळाकडं बघितलं.

"सव्वीस," मी म्हणालो.

"अहो, मी तेवीस म्हणतोय."

"मी सव्वीस म्हणतोय."

"आपल्या लक्षात येत नाहीये का? मी कमी करतोय."

"मलाबी कळतंय. चौथी पास हाय मी. घर तेव्हा सव्वीसचं होतं, आताबी सव्वीसचंच हाय. स्लॅब काय भुताला भिऊन पातळ झाला नाय. अन् पाणी काय तिच्या भ्यानं चौथ्या दिवशी यायला लागलं नाय."

गुरुजींनी एजंटाकडं बघितलं. एजंटानं डोक्याला हात लावला होता. "या अल्ला," तो म्हणाला, "मैंने ऐसा सौदा नहीं देखा. एक चढता है, एक उतरता है. अरे बीच में तो मिलो."

"साडेचोवीस करा," गुरुजी घाबरून म्हणाले. त्यांना वाटत होतं यात काहीतरी डाव आहे. सव्वीस लाख म्हणून मी पुढं कसली तरी खोट काढणार.

"सव्वीस. पण दोन अटी. ती बाहुली अन् लिंबं तुमी आत्ता, तुमच्या हातानं काढायची. अन् गल्लीत उभं राहून सांगायचं की हितं कुणाचा जीव अडकलेला नाय. मास्तरचं ऐकतेत लोक."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर बसा आवाज ऐकत."

गुरुजींनी एकदा बाहुलीकडं बघितलं. मग उठले, स्टूल आणलं, चढले. टोपी पडली तर मी उचलून दिली. बाहुली काढली, लिंबं काढली. मग ओट्यावर उभे राहून, वर्गात बोलल्यासारखं, गल्लीला ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. "बाई सज्जन होत्या," असं पण म्हणाले. मी ते सांगायला लावलं नव्हतं. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "ड्रम झाकले होते मी. माझं चुकलं." म्हणालो, ते तिला ठाऊक होतं. सव्वीसात ते धरलेलंच आहे.

मेहुणा पुन्हा बोलायचा बंद झाला. यावेळी माझ्याशी. लेकीनं मात्र काही विचारलं नाही, फोनवर एवढंच म्हणाली, "आईचाच आकडा ना बाबा? मग बास."

खरेदीखत झालं, गुरुजी पुण्याला गेले. मी एका टेम्पोत सगळा संसार भरून आणला. वास्तुशांत केली नाही. भटजी म्हणाला करून घ्या, विशेषतः तुमच्या बाबतीत. मी म्हणालो, विशेषतः माझ्या बाबतीत नको. पहिल्या रात्री स्वयंपाकघरातच अंथरूण टाकलं. दार लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर तोंड धूत होतो. शेजारीण तिच्या दारातून बघत होती, तीच, जिनं तिला पाण्याचं खरं सांगितलं होतं. बराच वेळ झाडू हातात घेऊन उभी होती. मग फाटकापर्यंत आली.

"बाबा," ती म्हणाली, "रातच्याला काय दिसलं का?"

"नाय," मी म्हणालो. "लई वाट बघितली."

मी तोंड पुसलं आणि तिला विचारलं, पिठाची गिरणी कुठं आहे. तिनं हातानं दाखवलं, मेन रोडला, दवाखान्याच्या पुढं. आत जाऊन मी ज्वारीचा डबा काढला, दोन पायली काढणार होतो, मग एकट्याला किती लागेल याचा अंदाज येईना म्हणून एकच काढली, आणि डबा खांद्यावर घेऊन गिरणीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.